नोंदवहीबाहेरचा कलावंत

ऑगस्ट 2019चा अख्खा महिना हवानातला एक तरुण क्युबाचा राष्ट्रध्वज अंगावर वागवत जगला. घरात आणि घराबाहेर, झोपेत आणि जागेपणी. ध्वज कोणी, कुठे, कसा वापरायचा हे ठरवणारा नवा कायदा क्युबाच्या संसदेने नुकताच, जुलैमध्ये, संमत केला होता. लुईस मानुएल ओतेरो अल्कांतारा या कलावंताने त्याला दिलेले हे उत्तर होते. ध्वज माझाही असेल, तर तो माझ्या घामाला, माझ्या अंथरुणाला चालणार नाही का, असा प्रश्न मला त्या कृतीतून ऐकू येतो. जून 2022मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा जाहीर झाली. आरोप तीन होते: राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान, अधिकाऱ्यांचा अवमान आणि सार्वजनिक शांततेचा भंग. पहिल्या आरोपाच्या मुळाशी तो अंगावरचा ध्वज होता. त्याच खटल्यात त्याचा मित्र, रॅप गायक मायकेल कास्तियो ऊर्फ ‘ओसोर्बो’ याला नऊ वर्षे मिळाली.

माझ्या घरी क्युबाविषयी नेहमी प्रेमाने बोलले जाई. वडिलांच्या मित्रांची बैठक बसली की साक्षरता मोहिमेचा विषय निघे. 1961मध्ये शाळकरी मुलेमुली कंदील घेऊन खेड्यापाड्यांत गेली आणि त्यांनी शेतमजुरांना लिहायला शिकवले, हे मी त्या बैठकीत ऐकले. बलाढ्य शेजाऱ्यापुढे न वाकलेले बेट, गावोगाव पोहोचलेले डॉक्टर, जगभरच्या संकटांत धावून जाणारी त्यांची वैद्यकीय पथके, हे सगळे खरे होते आणि त्या प्रेमात खोटे काही नव्हते. म्हणून क्युबाच्या तुरुंगातल्या कलावंतांविषयी लिहिणे मला जड जाते. जड जाते म्हणून टाळणे मात्र बरोबर नाही. आपल्याकडे क्युबाबद्दल आस्था असणारी बरीच मंडळी या विषयावर गप्प आहेत, आणि त्या गप्प बसण्याने आपण ज्या क्रांतीवर प्रेम केले तिचाच अपमान होतो असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कलाशाळा सरकारने बांधल्या, शिक्षण फुकट दिले, प्रदर्शने भरवली, म्हणून कलावंत कोण हे ठरवण्याचा हक्क सरकारला मिळत नाही. आणि तो हक्क सरकारने घेतला की त्याचा फटका आधी गरीब, काळ्या, शाळेबाहेर राहिलेल्या माणसाला बसतो. क्रांती ज्याच्यासाठी झाली, त्यालाच.

आधी सरकारची बाजू नीट सांगायला हवी, कारण ती मोठी आहे. 1959च्या क्रांतीनंतर हवानाच्या पश्चिमेकडचा धनिकांचा गोल्फ क्लब ताब्यात घेतला गेला आणि तिथल्या हिरवळीवर कलाशाळा बांधायचे ठरले. रिकार्दो पोर्रो, विट्टोरिओ गाराट्टी आणि रोबेर्तो गोत्तार्दी या तीन वास्तुकारांनी 1961मध्ये काम हाती घेतले. पोलाद आणि सिमेंट मिळेना, म्हणून स्थानिक मातीच्या विटा घेऊन कातालोनियातल्या जुन्या पद्धतीने कमानी आणि घुमट उभे केले. 1965मध्ये काम थांबले. काही इमारती अर्धवटच राहिल्या आणि हळूहळू रान त्यांच्यात शिरले. तरीही त्या परिसरात नृत्य, संगीत, नाट्य, चित्र शिकवले गेले आणि 1976मध्ये तिथेच उच्च कला संस्था सुरू झाली. ऊस तोडणाऱ्याच्या मुलाने शिल्पकार व्हावे, हे लॅटिन अमेरिकेत दुर्मीळ होते. क्युबात ते घडले.

1984पासून हवानाची कला द्वैवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचे मोठे कलाप्रदर्शन, सुरू झाली. न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या परवानगीविना आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या कलावंतांनी एकमेकांना भेटावे, एकमेकांचे काम पाहावे, ही तिच्यामागची कल्पना. भारतीय चित्रकारांनाही तिथे जागा मिळाली. तिसऱ्या जगाला स्वतःचे व्यासपीठ देणारे हे बेट होते आणि ते श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

पण त्याच क्रांतीने 1961च्या जूनमध्ये एक वाक्यही दिले. राष्ट्रीय ग्रंथालयात लेखक-कलावंतांसमोर क्रांतीचे नेते फिदेल कास्त्रो म्हणाले, “क्रांतीच्या आत सर्व काही; क्रांतीच्या विरोधात काहीही नाही.” आत कुठे संपते आणि विरोध कुठे सुरू होतो, हे सांगणारी रेघ त्या वाक्यात नाही. ती दर वेळी कोणीतरी अधिकारी आखतो. मागच्या साठ वर्षांचा क्युबन कलेचा इतिहास हा बराचसा त्या सरकत्या रेघेचा इतिहास आहे.

जानेवारी 1981मध्ये अकरा तरुणांनी ‘व्होल्युमेन उनो’ नावाचे प्रदर्शन भरवले. होसे बेदिया, फ्लाव्हिओ गार्सिआन्दीया, हुआन फ्रान्सिस्को एल्सो ही त्यातली काही नावे. घोषणांची भित्तिचित्रे बाजूला ठेवून त्यांनी आफ्रिकी श्रद्धा, लोकवस्तू, चुलीशेजारचे आणि गल्लीतले जग चित्रात आणले. ही सगळी मुले क्रांतीनेच शिकवलेली होती. त्यांच्या मागून आलेल्यांनी दशकाअखेरीस अधिक थेट प्रश्न विचारले, प्रदर्शने बंद पडू लागली, आणि सप्टेंबर 1989मध्ये चित्रकारांनी हवानातल्या एका मैदानावर बेसबॉलचा सामना खेळला. चित्र काढू देत नसाल तर आम्ही बेसबॉल खेळतो, असा त्याचा अर्थ होता. पुढच्याच वर्षी आन्हेल देल्गादो या तरुणाने एका प्रदर्शनात कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रावर शौच केले आणि सहा महिने तुरुंगात गेला. ती कृती मला आवडत नाही. ती न आवडण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. सहा महिने कोंडण्याचा हक्क कोणालाच नाही. नव्वदच्या सुरुवातीला त्या पिढीतले बहुतेक जण मेक्सिकोला, मग मायामीला निघून गेले. फुकट शिकवलेली एक अख्खी पिढी देशाने गमावली.

मग सोव्हिएत संघ कोसळला. तेल थांबले, अन्न आटले, वीज दिवसदिवस जाऊ लागली, माणसे सायकलवर आली. या काळाला सरकारने ‘विशेष कालखंड’ असे नाव दिले. याच काळात क्युबन कलेत एक विषय सगळीकडून शिरला, तो म्हणजे समुद्र. नुएव्हा हेरोना इथे 1970मध्ये जन्मलेल्या काचोने (त्याचे कागदोपत्री नाव आलेक्सिस लेइवा माचादो) 1994च्या द्वैवार्षिकीत ‘ला रेगाता’, म्हणजे ‘नौकांची शर्यत’, मांडली. लाकडाचे तुकडे, जुनी पादत्राणे, खेळण्यातल्या होड्या, सापडेल त्या वस्तू एकाच दिशेला तोंड करून जमिनीवर रांगेने निघाल्या होत्या. प्रदर्शन झाले त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, सुमारे 35,000 माणसे टायरच्या ट्यूब, पिंपे आणि फळ्या बांधून फ्लोरिडाकडे निघाली. किती बुडाली याची मोजदाद नाही. काचोने भविष्य सांगितले असे मी म्हणणार नाही. त्याने किनाऱ्यावर जे साठत होते ते पाहिले आणि ते मांडले.

समुद्र त्यानंतर संपलेला नाही. चित्रकार योआन कापोतेची सागरदृश्ये लांबून पाहिली तर करड्या-निळ्या लाटा दिसतात, क्षितिज दिसते, डोळे निवतात. जवळ जावे तर त्या लाटा म्हणजे हजारो मासेमारीचे गळ असतात, लोखंडी, टोकदार, एकमेकांत अडकलेले. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे पोटापाण्याचे साधन आणि सणाला नारळ वाहण्याची जागा. क्युबातल्या माणसाला तो भिंतही आहे आणि दारही, आणि दोन्ही वेळा त्याला ओरबाडतो. कापोतेच्या चित्रासमोर हे समजायला कुठलाही जाहीरनामा वाचावा लागत नाही.

दुसरा विषय घर. हवानातली घरे पावसाळ्यात खरोखर कोसळतात. कार्लोस गाराइकोआ पडक्या इमारतींची छायाचित्रे काढतो. इमारत पूर्ण पडून गेल्यावर पुन्हा त्याच जागेचे छायाचित्र घेतो आणि त्यावर टाचण्या टोचून, दोरा ताणून, जी नाहीशी झाली तिची बाह्यरेषा काढतो. त्या दोऱ्याकडे मी जितक्या वेळा पाहिले, तितक्या वेळा मला आमच्या चाळीच्या पाडलेल्या भिंतीवर उरलेला फडताळाचा चौकोन आठवला. ‘लोस कार्पिन्तेरोस’, म्हणजे ‘सुतार’, या नावाने काम करणारे मार्को कास्तियो, दागोबेर्तो रोद्रिगेस आणि आलेक्झान्द्रे अर्रेचेआ विद्यार्थिदशेत सुतारकामाकडे वळले, कारण रंग नव्हते, कॅनव्हास नव्हता, आणि श्रीमंतांनी सोडून दिलेल्या हवेल्यांत लाकूड मात्र होते. 2012च्या द्वैवार्षिकीत कार्पिन्तेरोसनी हवानाच्या प्रादो मार्गावर काळ्या कपड्यांतल्या नर्तकांची एक कोंगा, म्हणजे ढोलांच्या तालावर नाचत जाणारी, मिरवणूक काढली. नाचणारे मागे मागे चालत होते आणि गाणेही उलटे गायले जात होते. रस्त्यावर जमलेले लोक त्यांच्याबरोबर नाचले. कुणाला अटक झाली नाही. रेघ त्या दिवशी जरा लांब आखली होती.

आणि बेल्किस आयोन. तिच्यासाठी थोडे थांबायला हवे.

बेल्किस हवानातच 1967मध्ये जन्मली, तिथल्याच कलासंस्थांत शिकली. पुठ्ठ्यावर कागदाचे, सँडपेपरचे तुकडे चिकटवून, त्यावर शाई चढवून ती ठसे काढी. काही ठसे भिंतीएवढे, अनेक कागद जोडून केलेले. तिने विषय निवडला आबाकुआ या पंथाचा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी एकोणिसाव्या शतकात हवानाच्या बंदरभागात उभा केलेला हा गुप्त बंधुसंघ फक्त पुरुषांचा. त्याच्या उगमकथेत मात्र एक बाई आहे. सिकान नदीवर पाणी आणायला गेली आणि तिच्या घागरीत पवित्र मासा आला. त्याचा आवाज तिने प्रथम ऐकला. ते गुपित तिने बाहेर सांगितले म्हणून तिचा बळी दिला गेला, आणि ज्या पंथाला तिच्यामुळे आवाज मिळाला त्यात बाईला प्रवेश उरला नाही. बेल्किसने या सिकानला स्वतःचाच देह दिला. तिच्या चित्रातल्या माणसांना डोळे आहेत, मोठे, बदामी, थेट पाहणारे. तोंड नाही.

हे तोंड नसणे कशाबद्दल आहे? पंथाच्या गुपिताबद्दल, निश्चित. बाईच्या गप्प केलेल्या आवाजाबद्दल, तेही उघड आहे. नव्वदच्या दशकातल्या हवानाबद्दलही, असे अनेकांना वाटते, आणि मलाही वाटते. बेल्किस नोंदवहीतली कलावंत होती. लेखक-कलावंतांच्या सरकारमान्य संघटनेत ती पदाधिकारी होती, व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत तिची चित्रे गेली. सप्टेंबर 1999मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिने आयुष्य संपवले. का, याचे उत्तर बाहेरच्यांनी तिच्या चित्रांतून काढू नये. तिचे उदाहरण मी दुसऱ्या कारणासाठी देतो. संस्थेत राहणारा कलावंत विकला गेलेला आणि संस्थेबाहेरचा तेवढा खरा, अशी विभागणी मला मान्य नाही. मायामीतल्या देश सोडून गेलेल्या क्युबनांकडून अशी विभागणी वारंवार होते आणि ती बेल्किससारख्या कलावंतावर अन्याय करते.

नोंदवहीचा मुद्दा इथे येतो. क्युबात दृश्यकलावंतांची अधिकृत नोंद होते. ही नोंद मुळात जाचक नव्हती. 1988पासून चित्रकार-शिल्पकारांना स्वतंत्र निर्माते म्हणून काम विकण्याची आणि कमाई ठेवण्याची मोकळीक मिळाली. त्यातच अमेरिकेने क्युबावरच्या आपल्या व्यापारी निर्बंधांतून कलाकृती वगळल्या होत्या, म्हणून न्यूयॉर्कचा संग्राहक क्युबाची सिगार कायदेशीर घेऊ शकत नसे, पण क्युबाचे चित्र घेऊ शकत होता. डॉक्टरचा पगार महिन्याला काही डॉलरांएवढा असलेल्या देशात नोंदणीकृत चित्रकार एका चित्रावर घर दुरुस्त करू लागला. नोंद म्हणजे विक्री, परदेशप्रवास, प्रतिष्ठा. ती मिळण्याचा सरळ रस्ता कलाशाळेतून जात होता.

ओतेरो अल्कांतारा त्या रस्त्याने आला नाही. हवानातल्या सेर्रो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत तो वाढला, काळा, गरीब, स्वतःच शिकलेला. 2017मध्ये हवानाच्या जुन्या शहरात एक पंचतारांकित हॉटेल उघडले. तिथे आधी हुलिओ आन्तोनिओ मेया यांचा अर्धपुतळा होता. मेया म्हणजे 1925मध्ये क्युबाचा कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांपैकी एक. हॉटेल झाले आणि पुतळा गेला. ओतेरो स्वतः पुतळा बनून रस्त्यावर उभा राहिला आणि ‘मेया कुठे आहे?’ एवढेच विचारले. या कृतीत क्रांतीविरोधी काय आहे, मला कोणी समजावून सांगावे. कम्युनिस्ट पक्षाचा संस्थापक श्रीमंत पर्यटकांसाठी हलवला गेला, ही तक्रार खरे तर डाव्या माणसाची तक्रार आहे.

त्याच वर्षी आलेल्या इर्मा वादळाचे कारण देऊन सरकारने द्वैवार्षिकी पुढे ढकलली. ओतेरो आणि त्याची सहकारी यानेलिस नुन्येस यांनी मे 2018मध्ये घरांतून, दिवाणखान्यांतून, कलावंतांच्या खोल्यांतून स्वतःची द्वैवार्षिकी भरवली. सरकारी पैसा नाही, सरकारी जागा नाही. ज्यांनी भाग घेतला त्यांना ताकीद मिळाली.

जुलै 2018च्या राजपत्रात ‘फर्मान 349’ छापून आले. अध्यक्ष मिगेल दियास-कानेल यांनी सत्तेवर आल्या आल्या सही केलेल्या पहिल्या फर्मानांपैकी हे एक. त्याचा गाभा असा: सार्वजनिक असो की खासगी जागा, कलेची कुठलीही सेवा द्यायची तर मान्यताप्राप्त संस्थेशी जोडलेले असावे लागेल. नोंद नसताना काम विकणे दंडपात्र. ध्वजचिन्हांचा अयोग्य वापर, असभ्य भाषा, सांस्कृतिक मूल्यांना बाधक मजकूर, यांवर निरीक्षक कार्यक्रम थांबवू शकतील, साहित्य जप्त करू शकतील. ओरड झाल्यावर अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करू असे सरकारने सांगितले, पण फर्मान मागे घेतले नाही. त्याच्याविरोधात ओतेरो, यानेलिस आणि मित्रांनी जो गट बांधला, तो सान इसिद्रो चळवळ या नावाने पुढे जगाला माहीत झाला.

या फर्मानाच्या बाजूने एक युक्तिवाद होतो आणि तो मी प्रामाणिकपणे मांडतो: नोंद नसलेला सवंग, बाईचा अपमान करणारा, पर्यटकांना विकण्यापुरता माल रोखायला नको का? दर्जाची काळजी खोटी नाही. पण दर्जा टीकेने राखायचा असतो, समीक्षकाने, शिक्षकाने, प्रेक्षकाने. निरीक्षकाच्या हाती पावतीपुस्तक आणि जप्तीचा अधिकार दिला की तो दर्जा पाहत नाही, कागद पाहतो. आणि कागद कोणाकडे नसतो? सेर्रोतल्या मुलाकडे, गल्लीत रॅप करणाऱ्याकडे, जिच्या आईने तिला कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेला पाठवण्याऐवजी कामाला पाठवले तिच्याकडे. फर्मान शब्दांत सगळ्यांसाठी सारखे आहे. लागते मात्र एका वर्गाला, आणि क्युबात तो वर्ग बहुतांशी काळा आहे. हुआन रोबेर्तो दियागो, आलेक्सिस एस्किव्हेल यांसारखे चित्रकार नव्वदच्या दशकापासून वंशभेदावर काम करत आले आहेत. क्रांतीने वंशभेद संपवला, हा सरकारी दावा त्यांनी चित्रांतून खोडला. त्यांचे म्हणणे किती खरे होते, हे 349ने पुन्हा दाखवले.

काचोशी तुलना इथे टाळता येत नाही. काचो पुढे संसद सदस्य झाला, फिदेल कास्त्रोंच्या जवळचा मानला गेला, जानेवारी 2014मध्ये त्याच्या स्टुडिओच्या उद्घाटनाला स्वतः फिदेल आले. 2015मध्ये त्याने त्या जागेत लोकांसाठी मोफत वायफाय सुरू केले. त्या वेळी हवानात अशी सोय दुसरीकडे नव्हती, आणि रात्री उशिरापर्यंत पोरे तिथे बसत. मी याला लाचारी म्हणत नाही. ‘ला रेगाता’ करणारा माणूस सरकारशी जुळवून घेऊन शेजाऱ्यांना काही मिळवून देत असेल, तर तो त्याचा निर्णय. पण होड्या मांडणारा सन्मानित होतो आणि ध्वज पांघरणारा कैदी, यात कलेचा फरक कमी आणि ओळखपत्राचा फरक जास्त आहे.

ओळखपत्र असूनही रेघ ओलांडली की काय होते, याचे उदाहरण म्हणजे कलावंत तानिया ब्रुगेरा. 2009च्या द्वैवार्षिकीत, ती भरवणाऱ्या विफ्रेदो लाम केंद्राच्या अंगणात, तिने एक व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपक ठेवला. कोणीही यावे, एक मिनिट बोलावे. बोलणाऱ्याच्या दोन बाजूंना गणवेशातले दोघे उभे, आणि ते त्याच्या खांद्यावर पांढरे कबुतर ठेवत. जानेवारी 1959मध्ये फिदेल भाषण करत असताना कबुतर त्यांच्या खांद्यावर येऊन बसले होते. ते चित्र प्रत्येक क्युबनाच्या डोळ्यांत आहे. आता ते कबुतर कोणाच्याही खांद्यावर. एक बाई वर आली आणि नुसतीच रडली. कोणी स्वातंत्र्य मागितले, कोणी काही आठवले. मिनिट संपले की गणवेशवाले बोलणाऱ्याला खाली उतरवत. आयोजकांनी नंतर या प्रकाराच्या निषेधाचे पत्रक काढले.

डिसेंबर 2014मध्ये बराक ओबामा आणि क्युबाचे तेव्हाचे अध्यक्ष राउल कास्त्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली, तेव्हा तानियाने तोच ध्वनिक्षेपक क्रांती चौकात ठेवायचे ठरवले. 30 डिसेंबरला, तिथे पोहोचण्याआधीच, ती ताब्यात होती. पासपोर्ट सहा महिन्यांहून अधिक काळ जप्त राहिला. मे 2015मध्ये तिने हवानातल्या आपल्या घरात राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांचा सर्वंकष सत्तेवरचा ग्रंथ शंभर तास सलग वाचण्याचा उपक्रम केला. घरासमोरचा रस्ता नेमका तेव्हाच यंत्रे लावून खोदायला घेतला गेला. सरकारचे शत्रू एरवी फार लांब राहतात असे सांगितले जाते. इथे एक बाई आपल्या घरात पुस्तक वाचत होती.

आता अमेरिकेचे बोलू. निर्बंध अन्यायाचे आहेत, दुष्ट आहेत, आणि त्यांनी सर्वात जास्त छळ सामान्य क्युबनांचा केला. शिवाय कलावंतांवर ‘परकी पैसा’ असा आरोप होतो तेव्हा तो निव्वळ कल्पनेतून आलेला नसतो. अमेरिकेच्या विकास संस्थेने क्युबाच्या हिपहॉप वर्तुळात गुपचूप शिरून तरुणांना सरकारविरोधात उभे करण्याचा कार्यक्रम चालवला होता, हे 2014मध्ये पत्रकारांनी उघड केले. तो उद्योग निंद्य होता. रॅप गाणाऱ्या पोरांना न सांगता त्यांचा वापर केला गेला, आणि त्यामुळे उद्या प्रामाणिकपणे गाणाऱ्यावरही संशय घ्यायला सरकारला आयते कारण मिळाले. पण वॉशिंग्टनमधल्या एका कार्यालयाच्या पापाची शिक्षा सेर्रोतल्या माणसाने का भोगावी? खटल्यात पुराव्यासाठी जी कृती उभी केली ती महिनाभराचा ध्वज होती, परकी धनादेश नव्हे.

नोव्हेंबर 2020मध्ये चळवळीतला रॅप गायक देनिस सोलिस याला झटपट खटल्यात आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि ओतेरोच्या सान इसिद्रो वस्तीतल्या घरात उपोषण सुरू झाले. 26 नोव्हेंबरला पोलीस साथीचे कारण सांगून आत शिरले. दुसऱ्या दिवशी सुमारे तीनशे कलावंत संस्कृती मंत्रालयासमोर जमले. त्यात चित्रपटवाले, नाटकवाले, चित्रकार, लेखक होते. शाळेतून आलेले, नोंद असलेले, पुरस्कार मिळालेलेही. नोंदवहीतले आणि नोंदवहीबाहेरचे त्या रात्री एका फुटपाथवर बसले. तीस जणांना आत बोलावले गेले, उपमंत्र्यांशी तासन्‌तास बोलणे झाले, संवाद सुरू राहील असे आश्वासन मिळाले. डिसेंबरच्या सुरुवातीलाच सरकारने बोलणी मोडली. माझ्या मते ही त्या सरकारची सर्वात मोठी चूक. त्या फुटपाथवरच्या बहुतेकांना देश सोडायचा नव्हता, बोलायचे होते. नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांतले कित्येक माद्रिद, मायामी, मेक्सिको इथे गेले. तानिया 2021मध्ये गेली. कागद कापून कलाकृती करणारा हॅम्लेट लावास्तिदा जून 2021मध्ये बर्लिनहून परतताच पकडला गेला, तीन महिन्यांनी कोठडीतून थेट विमानात बसवला गेला.

महाराष्ट्रात बसून हे लिहिताना आपल्या घराकडे पाहणे भाग आहे. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी पाठवावी लागते, ही व्यवस्था आपण पिढ्यानपिढ्या चालवली. ‘सखाराम बाइंडर’ला 1970च्या दशकात तिच्यापायी उच्च न्यायालयात जावे लागले, आणि 2016मध्ये अमोल पालेकरांनी पूर्वपरीक्षणाच्या या पद्धतीलाच न्यायालयात आव्हान दिले. आपल्याकडे निदान न्यायालयाचे दार ठोठावता आले, हा फरक लहान नाही. तरीही आधी परवानगी, मग कला, हे तत्त्व आपल्याला नवे वाटू नये. हवानातल्या फर्मानाला विरोध करणाऱ्याने मुंबईतल्या नियमालाही करावा.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. हवानाच्या द्वैवार्षिकीचे निमंत्रण आपल्याकडच्या कलावंताला आले तर त्याने जावे का? 2021च्या अखेरीस भरलेल्या चौदाव्या द्वैवार्षिकीवर बहिष्कार टाका, असे क्युबातल्या आणि क्युबाबाहेरच्या अनेक कलावंतांनी जगाला विनवले. 11 जुलै 2021च्या देशभरातल्या सरकारविरोधी निदर्शनांनंतर शेकडो माणसे तुरुंगात होती, ओतेरो त्याच दिवशी पकडला गेला होता. तेव्हा न जाणेच योग्य होते असे मी मानतो. कायमचा बहिष्कार मला पटत नाही. तो निर्बंधांचाच सांस्कृतिक अवतार होईल आणि बेटावर राहून काम करणाऱ्यांना आणखी एकटे पाडेल. ज्याला जायचे त्याने जावे. मात्र तिथल्या चर्चासत्रात तुरुंगातल्यांची नावे मोठ्याने घ्यावीत, नोंद नसलेल्यांच्या घरी जाऊन त्यांचे काम पाहावे आणि परत येऊन त्याविषयी लिहावे. विशेषतः आपल्यातल्या डाव्यांनी. अमेरिकेच्या सिनेटरने ओतेरोचे नाव घेतले तर हवाना ते सहज झटकून टाकते. ज्यांनी निर्बंधांविरोधात मोर्चे काढले त्यांनी ते घेतले तर झटकणे अवघड जाते.

एप्रिल 2021मध्ये, तुरुंगात जाण्याच्या तीन महिने आधी, ओतेरो आपल्या घरात मोठी चित्रे करत होता. विषय होता गोळ्या-चॉकलेटांचे रंगीत कागद. शेजारपाजारच्या मुलांना या गोळ्या दुकानाच्या काचेपलीकडेच दिसत, कारण त्या परकी चलनात मिळत. पोलीस घरात शिरले आणि ती चित्रे घेऊन गेले. तो पुन्हा उपोषणाला बसला. घराभोवतीचा वेढा उठवा आणि माझी चित्रे परत द्या, या त्याच्या मागण्या होत्या. 2 मे रोजी त्याला उचलून रुग्णालयात नेले आणि जवळपास महिनाभर तिथेच ठेवले. जप्त मालाच्या यादीत त्या दिवशी कुठल्या तरी शिपायाला लिहावे लागले असेल: चित्रे, गोळ्यांच्या कागदांची, इतकी नग.